वरचा मजला

पार्कसाइटच्या चढावर आमची शाळा.
तळाला उर्दू, पहिल्यावर हिंदी, दुसऱ्यावर मराठी,
तिसऱ्यावर एकेकाळी सातवीच्या तीन तुकड्या,
मग दोन, मग एक,
मग नुसती कबुतरं.
मी धोंडीराम गायसमुद्रे, शिपाई.
अठरा चाव्या माझ्या कमरेला.

मार्चात पत्र आलं : तिसरा मजला एका संस्थेला.
इमारत पालिकेची, फळे पालिकेचे, नळाचं पाणीसुद्धा,
शिकवणारे त्यांचे.
फी नाही. सगळं इंग्रजीतून.
भिंती आकाशी झाल्या, खिडक्यांना जाळी आली,
कबुतरं समोरच्या टाकीवर जाऊन बसली.
मला म्हणाले, मामा, खालचे रिकामे बाक वर घ्या.
बावीस बाक चढवले मी त्या जिन्यानं.
एकावर कर्कटकानं कोरलेलं :
विशाखा पगारे, ७ ब.
विशाखा आता नाक्यावरच्या दवाखान्यात सुया टोचते,
मला बघून हसते, मग टोचते.
तिचा बाक तेवढा मी खालीच ठेवला.
का, ते विचारू नका.

जागा साठ, अर्ज तीनशे एकेचाळीस.
चिठ्ठ्यांना पुरेल एवढं भांडं मिळेना,
म्हणून खिचडीचं पातेलं घासून दिलं.
हळद काही पुरती निघाली नाही.
पटांगणात आयाबाया उभ्या,
नाव निघालं की एक जण किंचाळायची
आणि बाकीच्या पातेल्याकडे बघायच्या,
तळ दिसायला लागला की काय म्हणून.

युनियनचे गुरव सर मध्येच माइकवर आले :
"आधी पाणी तोडायचं,
मग म्हणायचं, झाड वाळलंच होतं!"
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
तेवढ्यात नंदा घेगडमल, चार घरची भांडी करणारी,
हात न उंचावता बोलली :
"वाळलेल्या झाडाखाली
माझं पोर किती वर्षं बसवू, सर?
मोठ्या लोकांची पोरं कुठं जातात, कुणी विचारत नाही.
माझं एक निघालं, की लगेच मराठी बुडते."
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
गुरव सरांनी माइक बंद केला,
तो नीट बंद झाला नाही, किरकिरत राहिला.

सुजल घेगडमलची चिठ्ठी निघाली नाही.

दोनशे एक्क्याऐंशी उरल्या.
टाकून द्या म्हणाले.
दुसऱ्या मजल्याच्या तारमळे बाई आल्या,
ओंजळीओंजळीनं पिशवीत भरून घेऊन गेल्या.
चिठ्ठीवर नाव, खाली पत्ता.
त्यांचा पट आला होता एकोणीसवर.
आणखी घसरला तर बाई अतिरिक्त,
मुलुंड नाहीतर मालवणी, मिळेल ती शाळा.
मे महिन्यात चढ चढायच्या, छत्री उन्हासाठी,
मी वहीसाठी बरोबर.
बहुतेक दारांत उत्तर एकच : पुढच्या वर्षी परत चिठ्ठी टाकू.

नंदानं पाणी दिलं, फुलपात्रात.
बाई म्हणाल्या, "माझ्याकडे पाठव गं. मी नीट शिकवते."
"माहितेय, बाई," नंदा म्हणाली,
"मलाही तुम्हीच शिकवलंत."
फुलपात्र बाईंच्या हातातच राहिलं.
कौतुक होतं की दुसरं काही,
मला अजून कळलेलं नाही.
उतारावर बाई म्हणाल्या,
"तिचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर होतं, धोंडीराम."
मग नाक्यापर्यंत काही नाही.

जूनपासून सुजल दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी,
विशाखाच्या बाकावर.
वर विजेची घंटा बसवली आहे, गाण्यासारखी वाजते,
माझ्या पितळी टोलाच्या तीन मिनिटं आधी.
ती वाजली, की सुजल दप्तर घेऊन उभा राहतो.
रोज.
आणि बाई रोज म्हणतात,
"बस रे बाळा. ती आपली नाही."

काल खालून हे ऐकलं.
हातात हातोडी होती,
घड्याळात तीन मिनिटं बाकी होती.
मी थांबलो नाही.

मुख्याध्यापकांनी बोलावून जाब विचारला.
म्हटलं, साहेब, घड्याळ पुढं गेलं असेल.